एका पगारात घर चालवताना मुलांचे घरचे शिक्षण: हिशेब, स्वयंपाकघर आणि अभ्यास

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवायचे ठरले की आई-वडिलांपैकी एकाची नोकरी बहुधा सुटते किंवा अर्धवेळ होते. शाळेची फी, बसचे पैसे, गणवेश आणि दरवर्षीचे दप्तर वाचते हे खरे आहे. परंतु त्याच वेळी दुपारचा गॅस, दिवसभर फिरणारा पंखा, मधल्या वेळचे खाणे आणि पुस्तके हे खर्च घरात वाढतात. अशा घरात घरकाम वेगळे आणि अभ्यास वेगळा अशी विभागणी केली, तर आईला दिवस पुरत नाही आणि पगारही पुरत नाही, असे माझे ठाम मत आहे. प्राथमिक वयातील गणित आणि विज्ञान यांचे बरेचसे साहित्य घराच्या हिशेबात, धान्याच्या डब्यात, दुधाच्या पातेल्यात आणि विजेच्या मीटरमध्ये आधीपासूनच असते. ते तिथूनच उचलले तर शिकणे आणि बचत ही दोन्ही कामे एकाच वेळेत होतात. हा लेख सहा ते तेरा वर्षांच्या मुलांना आणि चार माणसांच्या शहरी घराला समोर ठेवून लिहिला आहे. आम्ही नाशिकमध्ये राहतो, त्यामुळे उदाहरणे इकडची आहेत.

कागदपत्रे आणि परीक्षेचा मार्ग

मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचा सारा भर सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत जागा मिळण्यावर आहे. मुलाला शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य असल्याचे त्याचे कलम १० सांगते. पालकांसाठी दंडाची तरतूद त्यात नाही, पण घरी शिकवण्यासाठी वेगळ्या नोंदणीची सोयही नाही. घरी शिकवण्याचा निर्णय ही स्थिती समजून घेऊनच करावा. याच कायद्याच्या कलम ४ नुसार शाळेबाहेर असलेल्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळू शकतो. पुढे कधी मुलाला शाळेत जावेसे वाटले किंवा घरची परिस्थिती बदलली, तर हे कलम उपयोगी पडते.

परीक्षेसाठी प्रामुख्याने दोन मार्ग आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत मूलभूत शिक्षणाचे अ, ब आणि क असे तीन स्तर असून ते अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे मानले जातात. माध्यमिक म्हणजे दहावीच्या परीक्षेसाठी वयाची चौदा वर्षे पूर्ण असावी लागतात, प्रमाणपत्रासाठी पाच विषय उत्तीर्ण व्हावे लागतात आणि नोंदणी पाच वर्षे चालते, त्यामुळे सगळे विषय एकाच वेळी देण्याची सक्ती नसते. दुसरा मार्ग पुण्याच्या महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाचा असून तेथे पाचवी, आठवी, दहावी आणि बारावी अशा स्तरांवर परीक्षा देता येते. मूल आधी काही वर्षे शाळेत गेले असेल, तर शाळा सोडल्याचा दाखला न विसरता घ्यावा, कारण सतरा नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाच्या दहावीला बसायचे झाल्यास तो मागितला जातो. जन्मदाखला, आधार कार्ड, हा दाखला आणि लसीकरणाचे कार्ड एका फाइलमध्ये ठेवावे आणि प्रत्येकाच्या दोन प्रती काढून ठेवाव्यात.

कागदपत्रांसाठी इतके पुरे आहे. मूल सहा-सात वर्षांचे असताना दहावीच्या काळजीत रात्री घालवण्याचे कारण नाही.

हिशेबाची वही: काटकसरीपूर्वी तीन महिने

बचत करायची म्हणून पहिल्याच दिवशी दूध कमी करणे किंवा फळे बंद करणे ही चुकीची सुरुवात आहे. पहिले तीन महिने काहीही कमी करू नये, फक्त लिहावे. दोनशे पानी वहीत प्रत्येक पानावर पाच रकाने आखावेत: तारीख, वस्तू, वजन किंवा नग, एकूण किंमत आणि किलोचा किंवा लिटरचा दर. शेवटचा रकाना मुलाने भरायचा. अडीचशे ग्रॅम जिऱ्याची किंमत चारने गुणली की किलोचा दर निघतो हे आठ वर्षांच्या मुलाला सहज जमते, आणि मोठे पाकीट नेहमीच स्वस्त नसते हेही त्याला त्याच रकान्यातून कळते. बिस्किटे, शांपूच्या पुड्या आणि पावडरचे मसाले यांचा किलोचा किंवा लिटरचा दर काढल्यावर मुलांचा हट्ट कसा आपोआप मावळतो, हे प्रत्येकाने आपल्या घरी करून पाहावे.

तीन महिन्यांनंतर वहीतील खर्चाचे गट पाडावेत. किराणा व धान्य, भाजी व फळे, दूध, गॅस, वीज, औषधे, प्रवास, पुस्तके आणि किरकोळ असे नऊ गट बहुतेक घरांना पुरतात. दहा वर्षांच्या मुलाकडून त्याचा स्तंभालेख काढून घ्यावा, बारा वर्षांच्या मुलाकडून शेकडेवारी. कोणता गट अनपेक्षित मोठा आहे हे त्या आलेखावर चटकन दिसते. बऱ्याच घरांत तो किरकोळचा असतो, म्हणजे ऐनवेळी कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेल्या वस्तूंचा. त्यावर एकच उपाय आहे: ओट्याजवळ कागद टांगून ठेवायचा, डब्यात वस्तू चतुर्थांश उरली की तिचे नाव तिथे लिहायचे आणि आठवड्यातून एकदाच खरेदीला जायचे. यादी लिहिण्याचे काम लिहायला नुकत्याच शिकलेल्या मुलाला द्यावे. शुद्धलेखनाचा कंटाळा करणारे मूलही ‘खोबरे’ आणि ‘शेंगदाणे’ आनंदाने लिहिते, कारण त्याने लिहिलेली वस्तू संध्याकाळी घरात येते.

दिवसाची मांडणी

घरी शिकवायचे म्हणजे शाळेसारखे पाच-सहा तास बसवायचे, या समजाने अनेक आया दमतात. समोर एक-दोनच मुले असतात, त्यामुळे प्राथमिक वयात दीड ते दोन तासांचा लेखी अभ्यास पुरेसा होतो. सकाळी स्वयंपाक चालू असताना तोंडी काम घ्यावे: पाढे, कविता, इंग्रजी वाक्ये, काल वाचलेल्या गोष्टीचे पुन्हा सांगणे. पोळ्या लाटताना आईचे हात गुंतलेले असले तरी कान आणि तोंड मोकळे असतात. जेवणाआधीचे दोन तास वही-पेन्सिलचे, दुपारी स्वतःचे वाचन आणि हस्तकाम, संध्याकाळी मैदान. दुपारच्या वाचनाच्या वेळी सगळ्यांनी एकाच खोलीत बसावे. एकच पंखा आणि एकच दिवा लागतो, आणि आईलाही पाठ टेकता येते.

वर्षाचे धान्य

सर्वांत मोठी बचत मला धान्याच्या खरेदीत दिसते, म्हणून हा भाग सविस्तर लिहीत आहे. नवा गहू मार्चनंतर बाजारात येतो आणि मेपर्यंत लोकवन, शरबती यांची आवक चांगली असते. रब्बी ज्वारी, विशेषतः सोलापूर-मंगळवेढ्याकडची मालदांडी, याच सुमारास मिळते. नवी तूरही फेब्रुवारी-मार्चच्या आसपास डाळीच्या रूपात येऊ लागते. भारताच्या नकाशावर ही गावे आणि पिके मुलांकडून भरून घेतली की भूगोलाचा एक धडा झाला.

किती घ्यायचे हे अंदाजाने ठरवू नये. मध्यम आकाराच्या पोळीला साधारण ३० ग्रॅम पीठ लागते, म्हणजे किलोभर पिठात सुमारे ३३ पोळ्या होतात. घरात रोज बारा पोळ्या लागत असतील, तर दिवसाला ३६० ग्रॅम आणि वर्षाला सुमारे १३१ किलो. मात्र आपल्या घरची पोळी जाड आहे की पातळ हे ठरवण्यासाठी एक आठवडा रोज पीठ तोलून घ्यावे. तोलण्याचे, बेरजेचे आणि सरासरीचे काम मुलांचे. मग आठवड्यातून किती दिवस भाकरी होते ते वजा करावे, पाहुणे आणि सणवार यांसाठी थोडे वाढवावे, आणि जो आकडा येईल तेवढाच गहू घ्यावा. जागा नसेल किंवा एकदम पैसे काढणे जड जात असेल, तर चार महिन्यांचेच घ्यावे. उसने काढून वर्षाचे धान्य भरण्यात काटकसर नाही. शेजारच्या दोन घरांशी बोलून पोते विभागून घेतले तर भावही बरा मिळतो आणि जागेचाही प्रश्न सुटतो.

भरताना गहू आधी चाळून, निवडून दोन-तीन दिवस कडक उन्हात घालावा. दाणा दातांखाली कटकन फुटला की तो वाळला असे समजावे. यानंतरची पायरी घाईत सुटते आणि मग पोरकिडे होतात: उन्हातून आणलेला गहू रात्रभर पसरून पूर्ण गार होऊ द्यावा आणि मगच कोठीत भरावा. गरम धान्य झाकले तर आतली वाफ झाकणाला लागून पाणी सुटते आणि त्या ओलाव्यात कीड व बुरशी वाढते. बाष्पीभवन आणि संघनन हे शब्द मुलांना याच वेळी समजावून सांगावेत, कोठीच्या झाकणावर हात फिरवून ओलावा दाखवता येतो. तांदूळ मात्र कडक उन्हात घालू नये, दाणा तडकून कणी होते. तो सावलीतच पसरावा. डाळींना किलोला छोटा चमचाभर एरंडेल तेल दोन्ही हातांनी चोळून लावावे, आणि शिजवण्यापूर्वी डाळ कोमट पाण्याने नीट धुवावी. कडुनिंबाचा पाला वापरायचा तर सावलीत कुरकुरीत वाळवलेलाच वापरावा, कारण ओला पाला धान्याला ओल देतो.

एक गोष्ट येथे निक्षून सांगायला हवी. धान्यात टाकण्याच्या म्हणून ज्या करड्या गोळ्या काही ठिकाणी सुट्या विकल्या जातात, त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असू शकतात. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन हा अत्यंत विषारी वायू सुटतो आणि बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा त्याने जीव गेल्याच्या घटना आपल्याकडे घडलेल्या आहेत. त्या राहत्या घरात कधीही आणू नयेत. पाऱ्याच्या गोळ्याही मुले वावरतात त्या घरात नकोत. वाळवण, घट्ट झाकण आणि महिन्यातून एकदा कोठीत डोकावणे एवढ्याने घरापुरते काम भागते.

गॅस आणि कुकर

सिलिंडर घरी आला की तो आणणाऱ्याकडून तोलून घ्यावा. रिकाम्या सिलिंडरचे वजन वरच्या कड्यावर लिहिलेले असते, त्यात १४.२ किलो मिळवले की भरलेल्या सिलिंडरचे वजन निघते. ही दशांश चिन्हाची बेरीज मुलाने दारात उभे राहून करावी. त्याच कड्यावर अक्षर आणि दोन अंक असतात: इंग्रजी ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि अंक म्हणजे वर्ष. पुढची तपासणी त्या तिमाहीत देय असते, म्हणून मुदत उलटलेला सिलिंडर परत करावा. नवा सिलिंडर लावल्याची तारीख दिनदर्शिकेवर लिहावी. संपल्यावर किंमत भागिले दिवस असा भागाकार केला की रोजच्या गॅसचा खर्च कळतो, आणि पुढच्या वेळी तो कमी करणे हा सगळ्या घराचा खेळ होतो.

तो कमी करण्याचे उपाय साधेच आहेत. कुकरमध्ये दाबाखाली पाणी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते, उघड्या पातेल्यात समुद्रसपाटीला १०० अंशांना. कुकरचा दाब पूर्ण आला की ज्योत बारीक करावी, कारण त्यानंतर मोठ्या आचेवर केवळ वाफ शिट्टीवाटे बाहेर जाते आणि अन्न त्याने लवकर शिजत नाही. भात, वरण आणि उकडायचे बटाटे किंवा बीट तिन्ही डब्यांत एकाच वेळी लावावे. तूरडाळ अर्धा तास, छोले आणि राजमा रात्रभर भिजवावेत. ज्योत पिवळी दिसू लागली तर बर्नरची छिद्रे ब्रशने साफ करावीत, कारण पिवळी ज्योत पातेली काळी करते आणि गॅस जास्त खाते. सिलिंडरमध्ये किती उरले ते पाहायचे असल्यास ओले फडके वरून खालपर्यंत फिरवावे. द्रवरूप गॅस जिथपर्यंत आहे तिथपर्यंतचा भाग गार असतो, तेथील ओल उशिरा वाळते आणि पातळीची रेघ काही क्षण दिसते.

मोड आलेल्या कडधान्यांचे चक्र आठवडाभर चालू ठेवावे. सोमवारी मटकी, बुधवारी मूग, शुक्रवारी चवळी असे ठरवले की भाजी महाग झालेल्या दिवसांत गडबड होत नाही. मुलाने कोरडी मटकी तोलावी, आठ-दहा तास भिजल्यावर पुन्हा तोलावी आणि मोड आल्यावर तिसऱ्यांदा. वजन दुपटीच्या आसपास जाते. मेमध्ये फडक्यात बांधल्यावर मोड किती तासांत येतात आणि डिसेंबरमध्ये किती, ही नोंद वर्षभर ठेवली तर तापमान आणि अंकुरण यांचा संबंध मुलाला कोणी सांगावा लागत नाही.

साय, लोणी आणि तूप

घरचे तूप स्वस्त पडते का, हा प्रश्न मी मुलांनाच सोडवायला देण्याचा आग्रह धरते, कारण त्याचे उत्तर प्रत्येक घरात वेगळे येते. पिशवीवर लिहिलेले असते: मलईदार दुधात निदान ६ टक्के आणि टोन्ड दुधात ३ टक्के स्निग्धांश. म्हणजे लिटरभर मलईदार दुधात सुमारे ६० ग्रॅम आणि आठवड्याच्या सात लिटरांत ४२० ग्रॅम. त्यातील काही भागच सायीत येतो. होमोजिनाइज केलेल्या दुधावर साय पातळ धरते, गवळ्याच्या म्हशीच्या दुधावर जाड. दूध तापवून, गार करून, काही तास फ्रिजमध्ये ठेवून मगच साय काढावी. साय साठवताना पहिल्याच दिवशी त्यात विरजण घालावे, म्हणजे ती आठवडाभर कडवट होत नाही. आठवड्याच्या शेवटी गार पाणी घालून घुसळावी, लोणी आले की दोन-तीन पाण्यांनी धुवावे आणि मंद आचेवर कढवावे. बेरी बदामी झाली की गॅस बंद करावा.

लोण्याच्या वजनात साधारण चार पंचमांश स्निग्धांश असतो आणि बाकी बहुतांश पाणी, त्यामुळे लोण्यापेक्षा तूप कमी भरते. मुलांनी लोणी तोलावे, तूप तोलावे आणि वजाबाकी करावी. त्या वजनाचे तूप दुकानात किती रुपयांना आले असते ते हिशेबाच्या वहीत लिहावे. ताकाची कढी होते, बेरीत साखर किंवा गूळ घालून मुले खातात, कणकेतही ती मुरते. साय काढलेले दूध मात्र पाच वर्षांखालच्या किंवा अंगाने बारीक मुलाला देऊ नये, त्याच्यासाठी वाटीभर दूध आधीच बाजूला ठेवावे. तूप वाचवण्यासाठी वाढत्या मुलाच्या पोटातले कमी करणे मला मान्य नाही.

विजेचा मीटर

एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. २००० वॅटचा गिझर अर्ध्या तासात एक युनिट घेतो, ७५ वॅटचा जुना पंखा तेरा तासांहून थोड्या अधिक वेळात, ९ वॅटचा एलईडी दिवा सुमारे १११ तासांत. हा कागद मुलाच्या अक्षरात मीटरच्या पेटीजवळ लावावा.

बारा वर्षांच्या आसपासच्या मुलासाठी याहून चांगला प्रयोग आहे. इलेक्ट्रॉनिक मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकेल ते मीटरवर छापलेले असते, उदाहरणार्थ ३२००. घरातील सगळी बटणे बंद करून, फ्रिजही दहा मिनिटे बंद ठेवून, एकच उपकरण सुरू करावे आणि मिनिटभर लुकलुक मोजावी. ७५ वॅटच्या पंख्याला मिनिटाला ४ वेळा, २००० वॅटच्या गिझरला सुमारे १०७ वेळा असा आकडा येतो. मिनिटातील आकडा ६० ने गुणून ३२०० ने भागला की किलोवॅट मिळतात. आपल्या मीटरवर वेगळी संख्या असेल तर तीच घ्यावी. सगळे बंद असतानाही दिवा लुकलुकत असेल तर टीव्ही, सेट टॉप बॉक्स किंवा इन्व्हर्टर काहीतरी ओढत आहे असे समजावे आणि शोधावे. मुलांनी मीटरच्या पेटीचे झाकण किंवा वायर यांना हात लावू नये, मोजणी बाहेरूनच करावी आणि मोठ्याने सोबत उभे राहावे.

महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला त्याहून बराच जास्त दर, त्यापुढे आणखी जास्त असे टप्पे असतात. म्हणून शंभराच्या थोडे वर असणाऱ्या घराने दहा-पंधरा युनिट वाचवले तर ते महागड्या टप्प्यातले वाचतात. दर रविवारी मीटरचा आकडा लिहून ठेवला की महिना संपण्यापूर्वीच आपण कुठे आहोत ते कळते. नवा पंखा घ्यायची वेळ आली तर बीएलडीसी मोटरचा, साधारण ३० ते ३५ वॅटचा घ्यावा. दिवसभर माणसे असलेल्या घरात त्याची जास्तीची किंमत लवकर भरून निघते.

पुस्तके, वह्या आणि वाचन

बालभारतीची स्थापना २७ जानेवारी १९६७ ची. तिची पहिली ते बारावीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य उतरवून घेता येतात. पूर्ण पुस्तक छापून घेऊ नये, छापील पुस्तक दुकानात त्याहून स्वस्त पडते. १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही बालभारतीने ऑनलाइन वाचायला ठेवले आहेत आणि दुपारच्या वाचनाला त्यांच्याइतके चांगले मराठी साहित्य फुकट दुसरीकडे सापडत नाही. विज्ञानाच्या खेळण्यांसाठी अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून करायचे शेकडो प्रयोग आणि मराठी पुस्तके विनामूल्य आहेत. माहिती शोधायला मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे. मूल अकरा-बारा वर्षांचे झाले की एका शब्दाची नोंद काढून तिचा पाच ओळींत सारांश लिहिण्याची सवय लावावी. एवढे असूनही सार्वजनिक वाचनालयाची वर्गणी मी कधीही वगळणार नाही, कारण कपाटातून हाताने पुस्तक निवडणे मुलांनी करायलाच हवे.

रोजच्या कच्च्या कामासाठी वही विकत आणण्याची गरज नाही. ओळखीच्या कार्यालयातून किंवा झेरॉक्सच्या दुकानातून पाठकोरे कागद मागून आणावेत. नावे, फोन किंवा खात्यांचे क्रमांक असलेले कागद बाजूला काढून फाडून टाकावेत. छापील बाजू आत येईल अशी प्रत्येक कागदाची आडवी घडी घालावी, घड्या बाहेरच्या बाजूला आणि मोकळ्या कडा दुसऱ्या बाजूला एकत्र जुळवाव्यात, कडेपासून एक सेंटिमीटर आत दाभणाने पाच छिद्रे पाडावीत आणि जाड दोऱ्याने शिवून गाठ मारावी. बाहेरून जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदाचे वेष्टन घातले की दोन्ही बाजूंनी कोरी, टिकाऊ वही तयार होते. मूल स्वतः शिवलेली वही जपून वापरते.

कपडे आणि स्वच्छता

कपड्यांविषयी थोडक्यातच. बटण लावणे, उसवलेली शिवण टाचणे आणि रफू या तीन गोष्टी दहा वर्षांपर्यंत मुलगा असो वा मुलगी, प्रत्येकाला याव्यात. जुन्या सुती साड्यांची गोधडी हिवाळ्याच्या सुट्टीत घ्यावी, रेशमी व लोकरी कपड्यांना रिठ्याचे पाणी वापरावे. घरगुती साफसफाईसाठी खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून ठेवण्याची पद्धत निरुपयोगी आहे: फेस येतो खरा, पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना संपवतात. सोडा तेलकट डागांना, व्हिनेगर पाण्याच्या पांढऱ्या क्षारांना, असे वेगवेगळे वापरावे. ब्लीच आणि संडास साफ करायचे आम्ल तर कधीही एकत्र येऊ देऊ नये, त्यांतून क्लोरीन वायू सुटतो.

जिथे पैसे वाचवू नयेत

शाळेत न जाणाऱ्या मुलांच्या बाबतीत एक गोष्ट सहज निसटते. दहा आणि सोळा वर्षांच्या वयातील टीडी म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची लस अनेक मुलांना शाळेतच दिली जाते. आपल्या मुलासाठी ती तारीख आपणच लक्षात ठेवून सरकारी आरोग्य केंद्रात जावे, तेथे ती मोफत मिळते. पाच-सहा वर्षांचा डीपीटी बूस्टरही तसाच पाहावा. वर्षातून दोनदा, साधारण फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये, शाळांमधून जंतनाशक गोळी दिली जाते. शाळेबाहेरच्या मुलांना ती अंगणवाडीत मिळते, पण मागायला आपल्यालाच जावे लागते. फळ्यावरचे दिसत नाही अशी तक्रार घरात शिकणारे मूल कधी करणार नाही, म्हणून वर्षातून एकदा डोळे तपासून घ्यावेत. दातांचेही तसेच.

सोबतीवर खर्च करावा. घरी शिकणाऱ्या मुलाला रोज संध्याकाळी दोन तास इतर मुलांत खेळायला मिळालेच पाहिजे, आणि गल्लीत मुले नसतील तर मैदानावरच्या एखाद्या वर्गाची फी द्यावी. खो-खो, कबड्डी किंवा मल्लखांबाच्या संघांची फी बहुधा माफक असते. पोहणे महाग वाटत असेल तर महापालिकेच्या तलावाचे उन्हाळी वर्ग पाहावेत. प्रवेश लवकर भरतात, म्हणून मार्चमध्येच चौकशी करून अर्ज, फोटो आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र तयार ठेवावे.